दोन बोटं

पारोळ्याच्या बायपासला, निंबाखाली,
सुपडू मिस्तरीनं आधी गाडीला हात लावलाच नाही.
भोवती एक चक्कर मारली,
मागच्या काचेतून खाट पाहिली, स्टोव्ह पाहिला,
दोरीवर वाळणारा माझा बनियन पाहिला.
"हाई गाडी शे का घर?"
म्हटलं, दोन्ही. पंच्याऐंशीची मॅटाडोर.
आधी डोळ्यांच्या शिबिराला फिरायची,
दारावरच्या रंगाखाली अजून अर्धा डोळा दिसतो.

"कोठे दुखस?"
पहिला पडत नाही, मी सांगू लागलो,
पडला तर खांद्यातून ओढावा लागतो,
आणि रिव्हर्स म्हणजे जात्यात खडा.
धुळ्यात एक म्हणाला, गिअरबॉक्स उतरवा.
अमळनेरात दुसरा म्हणाला, ऑइल जाड झालंय.
जाड?
मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत?
आप्पानं पुडीतला चुना बोटावर घेतला
आणि धुळ्याबद्दल काहीही बोलला नाही.

"बंद कर."
इंजिन थांबलं. निंबातला होला ऐकू आला.
"आते टाक."
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा,
गरम कळण्याच्या भाकरीवरून
लोण्याचा गोळा घसरावा तसे.
रिव्हर्ससुद्धा.
"चालू कर. टाक."
खर्रर्र.
एवढंच.
मग तंबाखू मळून होईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
"पेटीले काही व्हयेल नही. क्लच पुरा सुटस नही."

इरफान पोत्यासारखा सरपटत खाली गेला.
मी दाबतो, तो बघतो. सोडतो, बघतो.
केबलचे दोन पदर तुटलेत, म्हणाला,
बुशमध्ये धुळ्याची सगळी धूळ आहे,
पण काका, ओढ वरूनच कमी येतेय.
वरून म्हणजे माझ्याकडून.
मी आणखी जोरात दाबलं.
मांडीला गोळा आला. फाटा तिथेच.

आप्पा दारापाशी उकिडवा बसला,
चष्मा कपाळावर, हात आत,
गाईच्या पोटातलं वासरू चाचपावं तसा.
आणि पेडलखालून त्यानं ओढून काढलं
चार घड्या घातलेलं ज्वारीचं पोतं,
शिरपूर मार्केटच्या निळ्या शिक्क्याचं.
"हाई कोनी टाकं?"

मी रस्त्याकडे बघितलं.
केळीचा ट्रक गेला, वर ओल्या पानांचं पांघरूण.
एप्रिलात पत्रा एवढा तापायचा
की चपलेतूनही तळवा शेकायचा,
म्हणून टाकलं होतं. मीच.
त्यानंतर दीड महिना
मी या गाडीचं वय मोजत होतो.
भंगारवाल्याशी दोनदा फोनवर बोललो होतो.
रात्री कोपराला बाम चोळताना
तिला काय काय म्हणालो होतो,
ते इथे लिहीत नाही.

त्यानं पेडल आणि पत्रा यांच्यामध्ये
बोटं उभी धरून दाखवली. दोन.
"अर्धं दाबशी ते अर्धंच सुटी."
उपदेश वगैरे काही नव्हता त्यात.
हात पुसता पुसता म्हणाला
आणि इरफानला चहाला पिटाळलं.

केबल, ग्रीस, बुश, मजुरी: साडेपाचशे.
पोतं?
"ऱ्हाऊ दे अठेच, मन्हा बोकडले व्हई."

आता एरंडोलकडे निघालोय.
पाय भाजतोय. गिअर पडतोय.
गतिरोधकावर तिसऱ्यातून दुसरा,
दुसऱ्यातून पहिला,
हाताला कळायच्या आत.
एका रसवंतीपाशी मुद्दाम थांबलो,
कारण नसताना रिव्हर्स टाकला,
काढला, पुन्हा टाकला.
घुंगरू थांबवून रसवाल्यानं विचारलं,
"काही विसरनात का, भाऊ?"