पासंग

फेब्रुवारीत डुलुथच्या बंदरात बोटी नसतात.
बाहेर पारा उणे पंचवीस,
आणि आत, प्रयोगशाळेत,
मी, नोक्वाझी सेबेखुलु, माशांतला पारा मोजते.
दहा लाख भागांत किती,
दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत.
गरोदर बाईनं आठवड्यात किती वेळा मासा खावा
ते माझ्या आकड्यावरून ठरतं.
त्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.

विश्वास बसत नाही तो माझ्या तीन वर्षांवर.

पीटरमॅरित्झबर्ग. रसायनशास्त्र. तीन वर्षं.
आमच्याकडे पदवी तेवढ्याचीच असते, पेलेटिएबाई,
मी एक वर्ष कुठे लपवून ठेवलेलं नाही.
वकीलबाई मान हलवतात.
त्यांची मान ताशी दरानं हलते.
इथे चार लागतात, म्हणतात,
आणि चारही एकाच झाडाची.

मागच्या व्हिसाला चाललं होतं की!
तुगेलाकाठच्या साखर कारखान्यातली तीन वर्षं
कुणीतरी आटवून आटवून
त्यांचं एक शिक्षणाचं वर्ष केलं होतं.
तीच मी, तोच कारखाना, तेच सरकार.
पण कायम राहायचं म्हटल्यावर
ती साखर चालेनाशी झाली.
ठिगळ लावलेली पदवी ही पदवी नव्हे.

आर्विड, माझा साहेब, टोपी काढतो, पुन्हा घालतो.
जाहिरातीत त्यानं लिहिलं होतं
"चार वर्षांची पदवी किंवा समकक्ष".
समकक्ष म्हणजे काय, ते लिहायचं राहिलं.
मला वाटलं, ते कळतंच, म्हणतो बिचारा.
मीही तसंच समजत होते:
एका कक्षात बसू देणं, एवढंच.
सहा वर्षं बसलेच आहे ना मी,
त्याच्या टेबलापासून चार पावलांवर.

सकाळी तराजू सुरू केला
की रिकामी पाटीही शून्य दाखवत नाही.
श्वास, धूळ, खिडकीच्या फटीतला वारा,
काहीतरी असतंच.
ते आधी वजा करायचं, मग मासा ठेवायचा.
माझ्या वेळी ते कुणी वजा केलं का,
हा प्रश्न अर्जात विचारायला जागा नाही.

मग मी तास गोळा करायला घेतले.
वर्षं नकोत तर नकोत, तास घ्या.
फेब्रुवारी ते नोव्हेंबर,
दुपारी दोन ते पाच प्रॅक्टिकल,
संप झाला त्या वर्षी शनिवारीसुद्धा.
विद्यापीठानं कळवलं, जुना अभ्यासक्रम सापडत नाही.
पेरुमल सरांनी कळवलं, सापडला.
गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांखाली,
आणि सोबत हजेरीची वही.
निवृत्त माणूस, गुडघे दुखतात,
तरी चौऱ्याऐंशी पानांचे फोटो पाठवले.
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात नातवाचा अंगठा.

काल अहवाल आला.
मिलवॉकीच्या कुणा गृहस्थानं,
ज्यांनी मला पाहिलेलं नाही,
माझी दुपार न् दुपार तोलली आहे.
अकरा पानं, शेवटी सही:
भरतात. चार वर्षं भरतात.
सरकारला पटेल का, ते पुढचं.
आर्विडनं केक आणला. पेलेटिएबाईंनी बिल पाठवलं.

रात्री मी वही पुन्हा चाळली.
एकोणतीस ऑगस्ट, गुरुवार.
सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण,
माझ्या आणि लिंडेल्वाच्या नावापुढे रेघ.
त्या दिवशी आम्ही टायट्रेशन बुडवून
बसनं दर्बनला गेलो होतो.
कपड्यांसकट समुद्रात शिरलो,
परतीच्या भाड्याचे तळलेले मासे खाल्ले
(पारा कुणी मोजला होता तेव्हा!)
आणि उसाच्या ट्रकवरून ओल्याच घरी आलो.

मिलवॉकीच्या गृहस्थांनी
ते तीन तासही धरलेत.

मी कळवलेलं नाही.