मे. व्हॉ. का. यु.

जांभळी नाक्यावर भांड्यांवर नाव घालणारा
अक्षरामागे पंधरा पैसे घ्यायचा.
म्हणून कमिटीत तासभर वाद झाला
आणि मेघना व्हॉल्व्ह कामगार युनियनची
चार अक्षरं उरली. टिंबं त्याने फुकट दिली.
तारीख मात्र पुरती घाल, यमुना टेमकर म्हणाली,
टाळं लागलं ती : ९-२-८१.
उघडल्याची नंतर घालू, शेजारी जागा ठेव.

पातेलं जर्मनचं, ऐंशी माणसांच्या भाताचं.
युनियन त्याच्याहून दहा वर्षांनी थोरली,
संडासाच्या दारातून निघालेली.
म्हणजे दार नव्हतं, त्यातून.
पॅकिंगमधल्या अकरा बायका :
एकीने गोणपाट धरायचं, एकीने आत जायचं,
आणि सुपरवायझर मिनिटं मोजायचा दोघींची.
एका सकाळी यमुनेने ते गोणपाट
नीट घडी घालून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं.
आमच्या पहिल्या मागणीपत्रात एकच ओळ आहे :
दार, आतून कडीसह.
बोनस, ग्रेड, महागाई भत्ता
हे सगळं पुढच्या पानांवर.

सोळा नंबर रोडला, गेटसमोर, तीन दगड मांडले.
बाळकुमहून तांदूळ यायचे.
कोलशेतच्या कोळणी उरलेला जवळा ठेवून जायच्या,
पैशाचं उद्या बघू म्हणत.
तो उद्या अजून यायचाय.
भिकू खरपडे येऊरकडून फाटी आणायचा,
मीठ इस्माईल धनसेने घालायचं,
दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे.
बंदोबस्तावरचा जमादारसुद्धा
तोंड फिरवून पत्रावळ पुढे करायचा.

इथवर मी कुणालाही सांगतो.

सत्त्याण्णवाव्या दिवशी मी मागच्या गेटने आत गेलो.
मुलीला कावीळ होती. कारण खरं आहे
आणि तरी ते कारणच आहे.
शर्टाला चुलीचा धूर होता,
लेथ पुसताना दिवसभर तोच वास.
एकशे चौदाव्या दिवशी बाकीचे आले, पुढून,
पंचवीस रुपये वाढीवर,
सात जणांना बाहेर ठेवून.
सातांत इस्माईल होता.
दुसरी तारीख घालायला पातेलं कुणी नेलं नाही.

ते यमुनेने माझ्या खोलीत आणून टाकलं, किसननगरला.
तुझ्याकडे जागा आहे, म्हणाली.
नव्हती.
सोबत एक वही : नाव, कार्य, नेलं कधी, आणणार कधी, सही.
डिपॉझिट नाही.
बारसं. बारावं. सत्यनारायण. ईदचा शिरखुर्मा.
माझ्या त्याच मुलीचं लग्न.
इस्माईलच्या धाकट्याचा वलिमा, सही इस्माईलची,
माझ्याकडे न बघता केलेली, पण ठसठशीत.
कंपनी विकली, मग पाडली.
वर्गणी भरणारं कुणी उरलं नाही,
नोंदणी रद्द झाल्याचं पत्र निबंधकाकडून आलं.
त्या आठवड्यात वहीत तीन नोंदी आहेत,
एक यमुनेच्या तेराव्याची.

परवा तिथल्या काचेच्या इमारतीतला
सिक्युरिटीवाला पोरगा आला. घोगरे, लातूरकडचा.
वर्दी ठेकेदाराची, बूट स्वतःचे.
अंगठ्याने धूळ पुसत त्याने वाचलं : मेव्हॉकायु.
काका, हे कोण होते?
होते, म्हटलं. बरेच जण.
कार्याच्या रकान्यात त्याने लिहिलं :
चहा, रात्रीचा, चाळीस माणसं.
आणणार कधी?
सांगता येत नाही, म्हणाला.
मी पुढे काही विचारलं नाही.
बुडाचं काळं घासत बसू नका, ते निघत नाही, एवढं सांगितलं,
आणि दोघांनी मिळून, आडवं करून,
आधी एक कान मग दुसरा,
अरुंद जिन्यावरून ते खाली उतरवलं.