पार्श्वभूमी पांढरी हवी

असोळण्यात, फेरीच्या वळणावर माझं दुकान.
पासपोर्ट, सीडीसी, व्हिसा,
कधीमधी एखादं रोस.
भिंतीवर चार खिळ्यांना ताणलेली पांढरी चादर,
तिच्यापुढे उभं राहून अर्धं गाव तारवावर गेलं.
हनुवटी वर. कान दिसू देत. हसायचं नाही.
हसलेल्या माणसाला कुठलंच बंदर आत घेत नाही.

रुझार बारेटो सात वर्षांत चारदा आला,
दर वेळी थोडे कमी केस घेऊन.
यंदा मे महिन्यात आला तो फॉर्म न घेता.
वीज गेलेली. हातातल्या वहीनं वारा घेत म्हणाला,
"मांयला फोटो हवा गो. बर्फातला.
सात सीझन अंटार्क्टिकाला जातो
आणि एक फोटो नाही."

एवढी मोठी बोट, एवढे कॅमेरे?
"कॅमेरे वर. मी खाली लाँड्रीत.
खिडकी नाही, अठरा मशिनं आहेत."
मोबाइलवर एक चित्र दाखवलं:
कोणी बाई, हातात शॅम्पेन, मागे हिमनग,
आणि कडेला, कापलेला,
टॉवेलांचा गठ्ठा धरलेला कोपरापर्यंतचा हात.
"हा मी."

एका केबिनच्या भाड्यात म्हणे
त्याच्या घराचं छप्पर, विहिरीचा कठडा
आणि धाकटीचं लग्न, बँडसकट.
हे तो रागानं बोलला नाही.
भाव सांगावा तसं सांगितलं.

किनाऱ्यावर उतरण्याआधी
सगळ्यांचे खिसे व्हॅक्यूमनं ओढतात,
इकडचं बी तिकडे रुजू नये म्हणून.
शेवटच्या फेरीत कप्तानानं
लाँड्रीवाल्यांनाही वीस मिनिटं दिली.
रुझारच्या पँटच्या दुमडीत
भाताचं एक तूस निघालं, घरामागच्या खाजनातलं.
गोऱ्या पोरीनं चिमट्यानं उचललं,
पिशवीत घातलं, वर नंबर लिहिला.
"मला सोडलं. त्याला नाही."

"आणि वास, विचारू नको!
लोक नाकाला मफलर लावून,
मी मात्र उभा, छाती भरून घेत.
पेंग्विन खातात ती बारकी लाल कोळंबी,
आमचा गालमो गो, दुसरं काय!
डोळे मिटले तर मडगावात पुरुमेंताचं फेस्त,
उघडले तर कोणी नाही."

भाच्याचं मोटरसायकलचं जाकीट चढवून
चादरीपुढे उभा राहिला. वळून पाहिलं.
"हे नव्हे. बर्फ पांढरा नसतो.
चादरींना नीळ जास्त झाली की
सुपरवायझर ओरडतो ना, तसा असतो."
समोरच्या दुकानातून बाटली आणली त्यानं,
मागच्या नळाखाली बादलीत बुडवली चादर,
पिळली एका झटक्यात, सवयीच्या मनगटांनी.
डाग राहिले. म्हणाला, असू देत,
तिथंही आहेत.

ओल्या निळ्यापुढे उभा राहिला.
हनुवटी वर, कान दिसतायत, ओठ मिटलेले.
म्हटलं, रुझार, आज हसलास तरी चालेल.
जमेना त्याला.
घाम टिपू का विचारलं तर म्हणाला,
"राहू दे. मांयला सांगीन, वितळत होतं."

नीळ काही धुऊन गेली नाही.
जूनमध्ये एजंटानं दोन फोटो परत पाठवले:
पार्श्वभूमी पांढरी हवी.
नवी चादर आणली, साडेतीनशे रुपये.
तिसरा फोटो मात्र परत आला नाही,
वेळ्ळीच्या एका पोराचा, पहिलीच बोट त्याची.
कुठल्याशा बंदरात आता
काचेआडचा कोणी त्याचा चेहरा ताडून बघत असेल,
खांद्यामागे ते थोडंसं निळं.