सांगता येत नाही

सालमियातल्या इस्पितळाच्या तळघरात आमची लाँड्री.
सहा वॉशर, चार ड्रायर, एक पांढरा फळा.
फळ्यावर खरं तर एवढंच लिहायचं:
कुठल्या वॉर्डाच्या किती चादरी.

एप्रिल लागला आणि रोवेनाने
चादरींच्या खाली रेघ मारून
रेघेखाली आपला देश मांडला.
टोपीवाला ३८. डॉक्टर ३१. रेडिओवाली १४.
सांगता येत नाही १७.
त्यांना खरी नावं होती. माझ्या जिभेवर बसेनात,
जसं माझं उगारे त्यांच्या.
मी सगळ्यांचा 'कुया', थोरला भाऊ, मिरजेचा.

"आघाडी सातची," ती म्हणाली.
मला हसू आलं. आमच्याकडे आघाडी म्हणजे
चौघांनी एका ताटात जेवायचं
आणि एकमेकांचे घास मोजायचे.
तिच्याकडे ती साधी वजाबाकी होती.

मग एका फेरीबोटीला आग लागली.
टोपीवाला त्या रात्री कुणाच्या तरी लग्नात नाचत होता,
चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर.
सातची आघाडी तीनवर आली.
एकोणीस माणसं गेली होती.
टक्क्याला किती पडली, मी विचारलं.
कुणी हसलं नाही. बरं झालं.

मग वादाच्या कार्यक्रमात डॉक्टरला
तांदळाचा भाव विचारला. तो थांबला.
चार सेकंद. एल्मरने घड्याळ लावून तीनदा पाहिलं.
तेवढ्यात आमचा ड्रायर कोमटही होत नाही,
त्याचे चार टक्के गेले.
आघाडी पुन्हा सात.
फेरीबोट धुऊन निघाली.

मला डागांचं कळतं. बावीस वर्षं तेच करतोय.
रक्त गार पाण्यात सुटतं.
घाईने गरम पाणी घातलंत
तर ते धाग्यात शिरून बसतं, चादर फाटेपर्यंत.
कुठल्या बातमीला कुठलं पाणी लागलं
हे मात्र मला कधी ओळखता आलं नाही.

मग तिकडे वादळ.
रेडिओवाली कंबरभर पाण्यात उभी राहून बोलली,
चौदाची बावीस झाली.
खालच्या बेटांवर चाचणीवाल्यांचे फोन लागले नाहीत,
म्हणून ती बेटं आकड्यांतून वगळली.
रोवेनाचं गाव त्यांत.
तीन दिवस तिने मार्कर हातात घेतला नाही.
फळ्यावर देश तसाच शिळा पडून राहिला
आणि आम्ही सगळे मान खाली घालून घड्या घालत होतो.

चौथ्या दिवशी आईचा आवाज आला.
पत्रे उडालेत. मी आहे.
ताडपत्री टोपीवाल्याच्या पोरांनी दिली,
तांदूळ डॉक्टरच्या. आणि मत?
"दोघांनाही सांगितलं, तुम्हालाच."
रोवेना इतकी हसली की नाक पुसायला
धुतलेला टॉवेल घेतला. मी काही बोललो नाही.

शुक्रवारी ते सगळे व्हॅन करून वकिलातीत गेले.
बाहेर धुळीचं तूज उठलेलं,
भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले.
मी एकटा सहा मशिनांपाशी.
मिरजेच्या यादीत माझं नाव अजून आहे, भाऊ सांगतो.
तिथे बोटाला शाई लागून
बावीस वर्षं झाली.

शेवटची चाचणी:
टोपीवाला ३६. डॉक्टर ३३. रेडिओवाली २५.
चूक तीन टक्के इकडे किंवा तिकडे.
"म्हणजे कुणीही?"
"म्हणजे कुणीही, कुया. तुला कोण वाटतं?"

मी फळ्याची शेवटची ओळ पाहत होतो.
सतरा होते. मग बारा, मग नऊ. आता सहा.
महिनाभर वरच्या नावांवर सगळ्यांचा डोळा,
आणि माझी माणसं मात्र
एकेक करून उठून जात होती.

वरून फोन आला. आयसीयू. चाळीस चादरी, लगेच.
रोवेनाने रेघेच्या वर लिहिलं: ४०.
तेवढा आकडा खात्रीचा होता.