फाईन

क्रशरच्या लॅबमध्ये माझं काम चाळण्यांचं.
सहा चाळण्या एकीवर एक, वरची मोठ्या डोळ्यांची,
खाली खाली बारीक होत गेलेल्या,
आणि तळाला ताटली.
यंत्र दहा मिनिटं थरथरतं,
मग मी वजनं घेतो, टक्के मांडतो.
जे सगळ्यांतून निसटून ताटलीत पडतं
त्याचं नाव फाईन.

इथे येण्याआधी मला याचा एकच अर्थ ठाऊक होता.
हातखंब्याच्या शाळेत कानडेबाई रोज विचारायच्या, हाऊ आर यू,
आणि आम्ही चाळीस जण एका सुरात,
आय अॅम फाईन, थँक यू.
त्यात तापाने फणफणलेला बाळू शिवगणसुद्धा.

रास अल खैमातल्या पहिल्याच आठवड्यात
भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडला.
पोलिसाने कागद फाडून हातात दिला,
म्हणाला, फाईन.
मी म्हणालो, थँक यू.

एवढं वाळवंट दाराशी,
पण ती वाळू एकटी काँक्रीटला चालत नाही.
वाऱ्याने घासून घासून गुळगुळीत केलेली,
फार फाईन, धरून ठेवत नाही कशाला.
म्हणून आम्ही डोंगर फोडतो.
फोडलेल्यातही पीठ फार झालं
की मिश्रण पाणी जास्त मागतं.
वर्गीससाहेब रिपोर्टवर लाल गोल काढतात :
फाईन जास्त. परत धुवा.

आई व्हिडिओवर म्हणते, बारीक झालास.
मी म्हणतो, छे गं, बरा आहे.
दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द चालला असता,
भांडण तिथेच मिटलं असतं.

आमच्या खोलीत वरच्या बंकवर हनीफ साखरकर.
त्याची कंपनी बुडाली, मालक कुठे गेला कोणी सांगेना,
व्हिसा संपला.
तेव्हापासून रोज रात्री बारा वाजता
त्याच्या नावावर फाईन चढायचा,
तो घोरत असला तरी.
"झोपेतही मीटर चालू आहे माझा," म्हणायचा,
"शेखाला तरी जमतं का?"
दिवसा लपून कुणाच्या नळाला, कुणाच्या एसीला हात लावायचा,
संध्याकाळी मुलीशी बोलायचा.
अब्बा, कसे आहात?
फाईन.
आकडा सांगायचा नाही.

मी एकदा म्हटलं, आपल्याकडे याला दंड म्हणतात.
त्याने बाही वर सरकवली,
पाइप उचलून उचलून दगड झालेला दंड दाखवला.
"हाच ना? भरतोय की तीन वर्षं."

मग माफी जाहीर झाली.
तंबूत रांग, पंखे, पाण्याच्या बाटल्या,
पाचव्या दिवशी खिडकीतल्या मुलीने शिक्का मारला.
हनीफने तिथूनच बायकोला फोन लावला :
फाईन संपला गं एकदाचा!
पलीकडे शांत.
मग ती घाबरून म्हणाली,
काय झालंय तुम्हाला? खरं सांगा.

रांगेतले सगळे हसले, नेपाळी, बंगाली,
ज्यांना मराठी येत नव्हतं तेही.
हनीफही हसला, मग कोपऱ्यात जाऊन
बराच वेळ नाक पुसत राहिला.

तो गेला. त्याची चादर मी गच्चीवर झटकली.
जे उडालं त्याचं वजन घेतलं नाही.

आज माझं मेडिकल. व्हिसा परत लावायचाय.
अकरा वर्षं ताटलीवर वाकून श्वास घेतोय,
कोणत्याच चाळणीला न सापडलेलं काय काय आत गेलं असेल.
डॉक्टर माझी छाती उजेडासमोर धरतो,
क्षणभर थांबतो,
म्हणतो, फाईन.

मी विचारतो, कुठलं?

तो पुढच्याचं नाव पुकारतो.