शिल्लक वेळ

दुपारपासून हार्ड डिस्क टकटकतेय,
ट्यूबलाइटमागच्या पालीसारखी.
पद्मिण म्हणाली, पाल बोलली की कृष्ण कृष्ण म्हणावं.
म्हणलं, हिला कृष्ण चालत नाही,
हिला दुसरी डिस्क लागते.

वसमत रोडवरून आणली. एक टीबी.
दुकानातलं पोरगं म्हणालं, काका, यात अख्खं परभणी बसतंय,
वर जर्मनीला जागा उरतीय.
बसेल बी. बावीस वर्षांची
आमच्या येथे श्रीकृपेकरून
एवढ्याशा डबीत.

बोबडे_लग्न. बोबडे_लग्न_फायनल.
बोबडे_खरं_फायनल,
कारण फायनलमधे मुलीच्या मामाचं नाव राहिलं होतं
आन् मामा मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसला होता.
जिंतूरचा एक नवरदेव, दोन हजार नऊ.
तोच फोटो दोन हजार अठराला,
भाऊ म्हणाले, दहाव्याच्या कार्डाला फेटा बरा दिसत नाही, काढा.
काढला. खाली कपाळच नव्हतं.
मग त्याच्या भावाच्या फोटोतलं
थोडं कपाळ आणून लावलं.
कुणाला कळलं नाही. भावालाही नाही.

शिल्लक वेळ: तीन तास.
शिल्लक वेळ: एक मिनिट.
शिल्लक वेळ: दोन दिवस, सहा तास.
तहसीलमधे चिकटला असता हा बाबा.

अडुसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
कूलर थांबला, त्यातलं पाणी थोडा वेळ टिपकत राहिलं,
आन् यूपीएस ओरडायला लागलं.
जुनी बॅटरी. दहा मिनिटं, फार तर.

दहा मिनिटांत काय न्यायचं?
पोरांचे फोटो, पद्मिण आतून म्हणाली.
म्हणलं, ते तुझ्या मोबाईलात हायेत.
कॉपी थांबवली.
माउस आपोआप गेला तिथं. फोल्डर: वाजेद.

एकच कीबोर्ड होता आमच्यात.
तो उर्दूचे दावतनामे करायचा, मी पत्रिका,
तो उजवीकडून यायचा, मी डावीकडून,
चहाला मधे कुठंतरी भेटायचो.
त्याच्या फायली आता माझ्याकडं उघडत नाहीत.
फॉन्ट नाही. नुसते चौकोन दिसतात,
ओळीनं, दारं लावलेल्या गल्लीसारखे.
तरी घेतल्या. सगळे चौकोन घेतले.

आन् टेस्ट नावाची एक फाइल, अकरा सेकंदांची.
नवा माईक आणला त्या दिवशीची.
दुसऱ्या लाटेनंतर मी ती उघडली नव्हती.

आत पद्मिण अंधारात दुधाला विरजण लावत होती.
तिला सांगितलं, वाजेद म्हणायचा,
एक प्रत घरात, एक घराबाहेर.
घर जातं तेव्हा सगळं मिळून जातं.
ती म्हणाली, मग त्यात नवल काय?
आपलं नासलं की मी तौरकाकूंकडून चमचाभर आणते,
त्यांचं नासलं की त्या आपल्याकडून.
आता ह्या पातेल्यात त्यांचं किती, माझं किती,
सांगता येईल का कुणाला?
डिस्क दे माझ्याकडं, सोमवारी सेलूला चाललेय,
अक्काच्या कपाटात ठेवते. साड्यांत.

कॉपी झाली म्हणजे झाली असं नसतं.
उघडून बघावी लागते.
नव्या डिस्कवरची उघडली.

खुर्चीचा आवाज. खोकला.
"हलू... हलू... सुन्ने आरा क्या?
नै आरा? अबे, बटन तो दबा."
मागं मी हसतोय. मला माहीत नव्हतं
मी त्यात आहे म्हणून.

"हौ, आरा," पद्मिण आतून म्हणाली,
पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता,
आन् यूपीएस बंद पडलं.

उकाडा. डास.
बोबड्यांचं लग्न अजून राहिलंय.