कुशीवर

घोरत होता, म्हणाले.
घोरतोय म्हणजे जिवंत आहे,
म्हणून लाइट घालवली.

खोली सत्तावीस, जेल रोडकडची खिडकी.
डिसेंबर. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर.
मित्रांनी दोन रजया घातल्या त्याच्यावर.
त्याआधी चप्पल हुंगवली,
तोंडावर पाणी मारलं,
ताक पाजून बघितलं.
फोन मात्र कुणी केला नाही.
फोन केला तर पोलीस,
पोलीस आले तर सटाण्याहून वडील.

वडील तसेही आले.

तेजेश आहिरराव. रजिस्टरात मी लिहिलं :
झोपेत निधन.
अक्षर फार चांगलं आलंय. त्याचाच राग येतो.

सभेत प्राचार्य म्हणाले, आपल्याकडे असलं काही नाही,
औषध ठेवलं म्हणजे रोग कबूल केला.
मग आगीच्या बादल्या कशाला टांगल्यात, असं मी विचारलं,
पण जिन्यात, खाली उतरताना, एकटाच असताना.

तरी पाच कुप्या आल्या. चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीने.
मोगल क्लार्कच्या कपाटात बसल्या.
किल्ली मोगलांच्या कमरेला,
मोगल साडेपाचच्या सिन्नर बसमध्ये.
श्वास थांबतो तो रात्री अडीचला.

बिटकोतून लीना पगारे सिस्टर आल्या, ड्युटी संपवून.
मानधन नको म्हणाल्या, चहात साखर कमी टाका.
सुरगाण्याच्या भोयेला मेसच्या सतरंजीवर उताणं निजवलं.
मुठीने छातीचं हाड घासा.
हाक मारा, खऱ्या नावाने, तुम्ही ठेवलेल्या नव्हे.
ओठ बघा, नखं बघा, जांभळी आहेत का.
पापणी उचला. बाहुली मोहरीएवढी झालीय का.
आणि घोरणं ऐका.
ते घोरणं नसतं,
गळा आतून मिटत चाललेला असतो.

मागच्या रांगेतून एक मुलगा उठून गेला.
सत्तावीसमधला दुसरा पलंग त्याचा.
सिस्टर थांबल्या,
त्याची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी होईपर्यंत.

एकशे आठ. मग मांडीत सुई, पँटवरूनही चालते.
त्याने दुसरंच काही घेतलं असेल तर हिचा उपयोग नाही,
पण अपायही नाही.
तोंडाने श्वास द्या, पाच सेकंदांना एक.
श्वास आला की कुशीवर वळवा.
आणि निघून जाऊ नका,
औषध लवकर उतरतं, विष मागे बसून राहतं.

कुशीवर.
हा शब्द मी इतकी वर्षं
फक्त आईसाठी ठेवला होता.

पाच जणांनी भोयेला आळीपाळीने वळवलं,
वरचा गुडघा दुमडला, तळहात गालाखाली दिला.
पाचव्या खेपेला तो खरंच झोपी गेला.
सगळी मेस हसली,
मग एकदम गप्प, त्याचं पोट वरखाली होताना बघत.
मिनिटाला चौदा, मी मोठ्याने म्हणालो.
संख्याशास्त्र शिकवतो, राहवत नाही.

आता पेटी कूलरशेजारी टांगलीय, कुलपाशिवाय.
चोरीला जाईल, मोगल म्हणाले.
जाऊ दे.

फेब्रुवारीत एका सकाळी एक कुपी कमी.
सिरिंजच्या जागी वहीचं फाडलेलं पान :
सर तो उठला. बिटकोत आहे, संध्याकाळी सोडतील.
नाव विचारू नका.
चार वाक्यंही नाहीत, अक्षरं तीन जणांची.

मोगल व्हाउचर घेऊन बसले.
कारण काय टाकू? फुटली? हरवली? मुदत संपली?
मी म्हणालो, लिहा, वापरली.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं,
आणि लिहिलं.

रात्री मेसच्या दारात उभा राहून ताटं मोजली.
दोनशे अकरा. पुन्हा मोजली.
दोनशे बारावं उशिरा आलं, मान खाली घालून,
नुसता वरण-भात घेऊन.
दोन बाजूंना दोघं असे चिकटून बसले
की मधून वाराही जाऊ नये.

मी तिकडे गेलो नाही.
वाढप्याला म्हणालो,
त्या टेबलावर तूप घेऊन जा.